फॉरमॅट मारावा लागेल

५ जानेवारीच्या सकाळी संगणक सुरू करावा आणि पडद्यावर एकच हुकूम उमटावा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. मुकाट्याने टाइप केलं तर पुढचं काम सुरू, नाही तर यंत्र जागचं हलायचं नाही. १९९० च्या जूनमध्ये भारतात पहिल्यांदा हाती लागलेला हा ‘जोशी’ व्हायरस पुढची काही वर्षं इथल्या ऑफिसांत ठाण मांडून होता. तो कोणी लिहिला, वाढदिवस नेमका कोणाचा, हे काही उजेडात आलं नाही. महाराष्ट्रात तर जोशी इतके, की संशयितांची यादी करायची झाली असती तर टेलिफोन डिरेक्टरीच पुढ्यात घ्यावी लागली असती.

जोशी यायचा तो फ्लॉपीतून. त्या काळचा संगणक सुरू होताना आधी ए ड्राइव्हकडे वळायचा. आदल्या संध्याकाळी कोणी फ्लॉपी काढायला विसरलेलं असलं, की तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये जे काही असेल ते वाचून कामाला लागायचा. व्हायरस नेमका त्या पहिल्या सेक्टरमध्ये दबा धरून असे. तिथून तो मेमरीत, मेमरीतून हार्ड डिस्कवर, आणि मग दिवसभरात त्या यंत्रात जी जी फ्लॉपी घातली जाईल तिच्यावर. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं, तरी जोशी मेमरीतून हटत नसे. बटण बंद करून, खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक उठवणं हाच उपाय. त्यामुळे सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवायची पद्धत होती. खाच झाकली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, व्हायरसलाही नाही. कपाटात कुलूपबंद ठेवलेली, चिकटपट्टी लावलेली ती एक फ्लॉपी म्हणजे त्या काळचा अँटिव्हायरस. आजच्या कुठल्याही उपायापेक्षा तो स्वस्त होता आणि विसरला नाही तर पक्काही.

आयबीएमच्या घराण्यातल्या पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस शेजारच्याच देशातला. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला आणि त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण काढतं ते कळावं, असा हेतू त्यांनी पुढे सांगितला. फोन मात्र येऊ लागले दूरदूरच्या देशांतून. इंटरनेट घरोघरी नसताना हा प्रवास झाला तो माणसांच्या हातांनी. कोणी मित्राला गेम दिला, कोणी ऑफिसातलं काम घरी नेलं. व्हायरस अनोळखी माणसाकडून येतो ही समजूत नंतरची. पहिली वीसेक वर्षं तो ओळखीच्या माणसाकडूनच यायचा. आणि महाराष्ट्रात त्यावरचा इलाजही ओळखीच्याच हातांनी फिरला.

‘जोशी’ ऑफिसांत ठाण मांडून होता, तेव्हा तो कुरकुंभच्या गावीही नव्हता. पुणे–सोलापूर महामार्गावरचं हे गाव. उत्तरेला जवळच दौंड, दक्षिणेला बारामतीचा रस्ता, गावात फिरंगाईचं देऊळ. पुढे एमआयडीसी आली, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने उभे राहिले. अशा गावांत संगणकाची वाट साधारण सारखीच असते. आधी कारखान्याचं ऑफिस, मग पतसंस्था आणि वजनकाट्याची खोली, मग क्लास आणि अगदी शेवटी घर. क्लासचं श्रेय महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनला, म्हणजे एमकेसीएलला. २००१ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने एमएस-सीआयटी हा कोर्स तालुक्यातालुक्यांत नेला. सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागू लागलं आणि पोरं, शिक्षक, तलाठी सगळेच माउस धरायला शिकले. घरी संगणक घ्यायचा म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने ‘असेंबल्ड’. दौंड-बारामतीच्या दुकानदाराने पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, जोडायचे, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून घरपोच द्यायचं. पैसे हप्त्याने.

संगणक बिघडला तर याच दुकानदाराकडे जायचं, हे ओघानेच आलं. महाराष्ट्रातल्या अँटिव्हायरसचा धंदा उभा राहिला तोही असाच, दुरुस्तीच्या टेबलावर.

कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, वाढले पुण्यात. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि कॅल्क्युलेटर, रेडिओ दुरुस्त करायच्या दुकानात नोकरी लागली. बँकांमधले कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला जाताना त्यांनी काचेआड ठेवलेला संगणक पाहिला आणि पुढचं काम यातच आहे, हे ओळखलं. १९९० मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू झाली. स्वतः कॉलेजात न गेलेल्या या माणसाने धाकट्या भावाला, संजयला, मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्राला घातलं. दुकानात दुरुस्तीला येणारी यंत्रं पाहिली तर बरीचशी सुट्या भागांच्या बिघाडाने नव्हे, व्हायरसने आजारी. कॉलेजच्या लॅबमध्येही तीच तऱ्हा. संजय व्हायरस उलगडून पाही आणि त्याला काढून टाकणारा छोटा प्रोग्रॅम लिही. एकेका व्हायरसवरचे हे उतारे एकत्र करून १९९५ मध्ये डॉसवर चालणारा ‘क्विक हील’ बाजारात आला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परदेशी अँटिव्हायरस तेव्हाही मिळत होते. त्यांतले काही नुसती फ्लॉपी तपासत आणि व्हायरस सापडला तर सांगत. पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला निदान नको होतं. त्याला महिनाअखेरचे पगार काढायचे होते, टॅलीतला हिशेब परत हवा होता. दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नव्हतं. बिघडलेल्या फायली साफ करून यंत्र पुन्हा चालू करून देणं, हाच त्याच्या मालाचा मुख्य गुण ठरला. मालाचं नावही तेच सांगत होतं. शिवाय इथे फिरणारा नवा व्हायरस अमेरिकेतल्या कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागे, पुण्याच्या दुकानात तो दुसऱ्या दिवशी टेबलावर असे. चेन्नईचं के-सेव्हन, मुंबईचं ई-स्कॅन, पुण्याचंच नेट प्रोटेक्टर, ही मंडळीही याच बळावर टिकली. त्या वेळी अपडेटसुद्धा हातोहात जायचं: फ्लॉपीवर, नंतर सीडीवर, विक्रेत्याच्या खिशातून गिऱ्हाइकाच्या टेबलावर.

धंदा मात्र सरळ रेषेत वाढला नाही. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं, हेच लोकांना पटत नव्हतं. काटकरांनी वितरकांची साखळी उभी केली ती संगणक जोडून देणाऱ्या छोट्या दुकानदारांचीच; पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला काढली. २००७ मध्ये कंपनीचं नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झालं, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने त्यात साठ कोटी गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. कॅल्क्युलेटरच्या दुकानापासून इथपर्यंतची ही कथा मराठी उद्योजकांच्या भाषणांत आता इतकी सांगितली जाते, की तिच्यातला दुरुस्तीचा भाग हळूहळू गळून पडत चालला आहे. खरं तर तोच भाग महत्त्वाचा.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल म्हटलं. तोवरचे बहुतेक व्हायरस फायली बिघडवत. याने हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर बोळा फिरवलाच, शिवाय जमेल तिथे मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधला मजकूरही पुसला. बायोस पुसला गेलेला संगणक सुरूच होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळा. भारतासह आशियातल्या अनेक देशांत त्या दिवशी अशी यंत्रं दुकानांत रांगेने आली. चिप काढून पुन्हा लिहायची किंवा बदलायची, हे काम सॉफ्टवेअरवाल्याचं नव्हतं, कारागिराचं होतं. डिस्कवरचा डेटा मात्र पुष्कळदा वाचवता आला. फायली कुठे आहेत याच्या तक्त्याची दुसरी प्रत मोठ्या डिस्कवर पुढच्या भागात शाबूत राहिलेली असे. जाणकार माणूस तिच्यावरून सगळं परत उभं करी. ज्यांना असा जाणकार भेटला ते सुटले.

मग पेनड्राइव्ह आला आणि खरी धमाल झाली.

२००५ ते २०११ या काळात ज्याने दौंड, शिरूर किंवा बारामतीच्या कुठल्याही सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावला असेल, त्याला पिवळ्या फोल्डरची ती खूण आठवत असेल. आपल्या फोल्डरच्या आत आपल्याच फोल्डरच्या नावाचा आणखी एक फोल्डर. उघडायला डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. म्हणजे दिसत काही नाही. होऊन गेलेलं असतं. तो फोल्डर नसून फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्रॅम. विंडोजने फाइलच्या नावापुढचं ‘डॉट ईएक्सई’ मूळ सेटिंगमध्येच दडवून ठेवलेलं असल्याने ओळखायची सोय नाही. टास्क मॅनेजर उघडत नाही, दडवलेल्या फायली दाखवणारा पर्याय गायब. २००७ च्या सुमाराला भारतभर फिरलेल्या एका व्हायरसची तर तऱ्हाच न्यारी. ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडली की ‘ऑर्कुट इज बॅन्ड’ अशी पाटी, सोबत खदाखदा हसण्याचा मजकूर, आणि ब्राउझर बंद. फायरफॉक्स उघडलं तर ते वापरू नका, इंटरनेट एक्सप्लोरर वापरा, असा आगाऊ सल्ला. कॉलेजातली पोरं ऑर्कुटवर सरकारनेच बंदी घातली असं समजून बसत.

मुळाशी होती ऑटोरन ही सोय. पेनड्राइव्ह लावला की त्यावरची ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ ही फाइल वाचायची आणि ती सांगेल तो प्रोग्रॅम पुढे करायचा, ही विंडोजची रीत. मूळ हेतू सीडी आपोआप सुरू व्हावी हा. उपयोग व्हायरसवाल्यांनी केला. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर या व्हायरसने याही वाटेने शिरत जगभरातली लाखो यंत्रं व्यापली. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद करणारं अपडेट फेब्रुवारी २०११ मध्ये सगळ्यांना पाठवलं. तोवर गावोगाव पेनड्राइव्हचं आपलं एक जाळं झालेलं होतं. फोटो स्टुडिओतून लग्नाचे फोटो घरी, घरून फ्लेक्सवाल्याकडे, फ्लेक्सवाल्याकडून डीटीपीवाल्याकडे पत्रिकेसाठी. लगीनसराई हा त्या व्हायरसचाही हंगाम. ‘पेनला व्हायरस आहे, आमच्या मशीनला लावू नका’ अशा पाट्या झेरॉक्सच्या दुकानांत लागल्या, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या पाळणार कोण?

अशा वेळी दुकानदार यंत्राकडे दोन मिनिटं बघून एकच निकाल देई: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ सीपीयूचा ठोकळा सोडून जा, संध्याकाळी घेऊन जा. दोनतीनशे रुपये.

हा निकाल किती वेळा खरोखर गरजेचा होता, हा वादाचाच प्रश्न आहे. व्हायरस शोधून काढायला तास लागतात, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. विंडोज नव्याने टाकायला पाऊण तास लागतो आणि त्याचे मिळतात. बरं, फॉरमॅट व्हायचा तो फक्त सी ड्राइव्ह. गाणी, फोटो, पोरांचे प्रोजेक्ट असत डी ड्राइव्हवर, म्हणून त्याला हात लावायचा नाही. व्हायरसची एक प्रत त्या डी ड्राइव्हच्या दाराशीच बसलेली. घरी नेऊन ‘माय कॉम्प्युटर’मध्ये डी वर डबल क्लिक केलं, की पहिले पाढे पंचावन्न. महिन्याभरात यंत्र पुन्हा दुकानात.

आणि टाकली जायची ती विंडोज एक्सपी कुठली? घरगुती यंत्रांत सर्रास चोरीची प्रत. अपडेट चालू ठेवलं तर ‘ही प्रत अस्सल नाही’ असा इशारा येतो म्हणून दुकानदार अपडेटच बंद करून देई. ज्या भोकातून कॉन्फिकर शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधीच, ऑक्टोबर २००८ मध्ये दिलेलं होतं. या यंत्रांपर्यंत ते पोचलंच नाही. मग त्यावर उपाय म्हणून इंटरनेटवरून फुकट अँटिव्हायरस. त्या सुमाराला ‘अँटिव्हायरस एक्सपी २००८’ आणि ‘अँटिव्हायरस २००९’ नावाचे अँटिव्हायरस फिरत होते, जे स्वतःच लबाड होते: यंत्रात शेकडो व्हायरस सापडल्याचं खोटं दाखवायचे आणि ते काढायला पैसे मागायचे. घरचा भेदी हा वाक्प्रचार इतका चपखल क्वचितच बसतो. दुकानदारांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्या घराने पंधरा हजारांचं यंत्र हप्त्याने घेतलं, त्याला अस्सल विंडोजसाठी आणखी काही हजार मोजायला सांगणार कोण, आणि ते का मोजावेत हे पटवणार कोण? अँटिव्हायरसच्या डब्यातली वर्षभराची लायसन्स-की हीच त्यांनी प्रामाणिकपणे विकलेली एकमेव सॉफ्टवेअरची वस्तू, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

पेनड्राइव्हची धास्ती कारखान्यांनी घेतली ती २०१० मध्ये. स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवण्यासाठी बनवला होता आणि पसरत होता पेनड्राइव्हनेच. त्याची लागण झालेल्या देशांच्या, सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीने केलेल्या यादीत इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारत होता. लागण झाली म्हणजे नुकसान झालं असं नाही. सीमेन्सच्या ठराविक नियंत्रण यंत्रणेवर, ठराविक जुळणी असेल तरच तो हल्ला करायचा. पण रिॲक्टरचं तापमान आणि व्हॉल्व्ह संगणकावरून चालवणाऱ्या उद्योगाला, म्हणजे कुरकुंभसारख्या पट्ट्यातल्या उद्योगाला, त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. कंट्रोल रूमला इंटरनेट नाही म्हणून ती सुरक्षित, हा भरवसा संपला. कामगाराने गाणी ऐकायला आणलेला पेन गेटवरच जमा करायची पद्धत पुष्कळ कारखान्यांत पडली.

ओळखीच्या हातांचा हा काळ सरला तो इंटरनेट स्वस्त झाल्यावर. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या हा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात पोचला आणि तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. पुढच्याच वर्षी, ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेला मालवेअरने हात घातला. बँकेचा खरा एटीएम स्विच बाजूला सारून खोटा उभा केला गेला. कार्ड खोटं असलं तरी तो ‘पैसे द्या’ म्हणायचा. २८ देशांतल्या एटीएममधून आणि देशात कोल्हापूरसारख्या ठिकाणांहून काही तासांत रोकड काढली गेली, हाँगकाँगला स्विफ्टने रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटींवर. १९०६ सालच्या सहकारी बँकेला हा अनुभव आल्यावर पतसंस्थांच्या सभांत ‘सायबर’ हा विषय पहिल्यांदा गांभीर्याने निघाला.

हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं, स्पायवेअरचं, नाव मराठी घरांत ऐकू आलं ते निराळ्याच वाटेने. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा इथे १ जानेवारी २०१८ ला झालेल्या हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. या खटल्यातल्या दिल्लीच्या एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या अहवालात म्हटलं होतं, की नेटवायर हे दुरून ताबा घेणारं सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवर बावीस महिन्यांहून अधिक काळ होतं आणि त्याच्यामार्फत फायली आत ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायालयाचा. पण ई-मेलमधली एक फाइल उघडल्याने कोणी आपल्या संगणकात फाइल ठेवूनही जाऊ शकतं, ही शक्यता तोवर सामान्य माणसाच्या डोक्यात आलेलीच नव्हती. तोपर्यंत भीती होती ती फायली जाण्याची.

सरकारी व्यवस्था मागोमाग येत गेली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ४३ व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घुसवणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकली होतीच. सर्ट-इन ही केंद्रीय संस्था २००४ पासून काम करू लागली. २१ फेब्रुवारी २०१७ ला ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झालं, आणि तिथून व्हायरस काढणारी साधनं फुकट मिळू लागली. क्विक हील त्यातली एक भागीदार. मात्र दुकानदाराने सांगितल्याशिवाय ती कोणी उतरवून घेतली असतील, याची शंकाच आहे.

आता कुरकुंभच्या घरात संगणक असलाच तर पोरांच्या अभ्यासापुरता. बँक, सातबारा, लाइट बिल सगळं मोबाइलवर. विंडोजनेही २०१२ पासून डिफेंडर हा स्वतःचा अँटिव्हायरस आतच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे दुकानातल्या डब्यांचा खप पूर्वीसारखा राहिला नाही. व्हायरसने जुनी वाट पुन्हा धरली आहे: व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर भावकीतल्याच कोणाच्या नंबरवरून ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाइल येते. नाव ओळखीचं म्हणून उघडली जाते, ती मेसेज वाचायची परवानगी मागते, मिळते, आणि बँकेचे ओटीपी परस्पर जातात. पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. त्याचाही फोन तसाच गेलेला असतो. तक्रार करायला १९३० हा नंबर आहे आणि तिथे पहिल्या तासादोनतासांत फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता बरी असते.

दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलचे स्क्रीन बदलले जातात. संगणकाची गिऱ्हाइकं मात्र १४ ऑक्टोबर २०२५ नंतर पुन्हा दिसू लागली, कारण त्या दिवशी विंडोज १० ची फुकट सुरक्षा अपडेट थांबली. वाढीव मुदत घेणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकांसाठी ती मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. जुन्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. त्याला लागणारी टीपीएम २.० ही सोय त्यांच्यात नाही किंवा प्रोसेसर यादीत बसत नाही. नियमाला वळसा घालून अकरा टाकून देणारे कारागीर आहेत, काही लिनक्स टाकून बघा म्हणतात, आणि टॅलीवाले गिऱ्हाईक त्याला नाही म्हणतं.